डाव्या हाताचा मळ

पोहे सांडले, एवढंच झालं होतं. रविवारी सकाळी इंदूरजवळ चोरलच्या बाजूला नदीच्या पात्रात दोन-अडीच तास गाडी आपटून परत येताना सिमरोलच्या अलीकडे नेहमीच्या टपरीवर थांबलो होतो. वाफेवर गरम ठेवलेले पोहे, वर मूठभर शेव, कांदा, जिरावन मसाला, बाजूला दोन जिलब्या. उजव्या हातात चमचा, डाव्या हातात कागदी प्लेट. पहिला घास तोंडापर्यंत गेलाच नाही. डाव्या हाताचा अंगठा न सांगता कामावरून निघून गेला, प्लेट कलली आणि सगळे पोहे बुटांवर. आजूबाजूला हसू फुटलं. टपरीवाला दुसरी प्लेट भरता भरता म्हणाला, "भिया, या तो गाड़ी बदल लो, या हाथ." मीही हसलो. पैसे त्यानं एकाच प्लेटचे घेतले. पण घरी येईपर्यंत ते वाक्य हेल्मेटच्या आत घुमत राहिलं. भंवरकुआंच्या सिग्नलला मी गाडी न्यूट्रलला टाकली, हात मांडीवर ठेवला आणि ग्लोव्ह काढून बघितलं. चार बोटांवर क्लचच्या लिव्हरची आडवी लाल रेघ, आणि अंगठ्याच्या मुळाशी बारीक थरथर, झोपलेल्या मांजराच्या पोटासारखी.

माझं वय 54. गाडी दोनशे सीसीची, उंच, लांब सस्पेन्शनची, पुढे एकवीस इंची चाक. क्लच जड आहे हे मला माहीत नव्हतं असं नाही. उलट तीन वर्षं मी ते कौतुकानंच सांगत आलो. कुणी ओळखीचा गाडी बघायला आला की मी म्हणायचो, जरा लिव्हर दाबून बघ. तो दाबायचा, भुवया वर जायच्या, माझ्याकडे बघायचा. त्या बघण्याची मला चटक लागली होती. गेल्या दसऱ्याला गाडीला झेंडूची माळ घालून झाल्यावर पुतणीनं किल्ली मागितली. ती कॉलेजात आहे, स्कूटर उडवते, भावाची बाईकही चालवते. लोकमान्य नगरच्या आमच्या गल्लीत दहा पावलं गेली, पहिल्याच वळणावर गाडी बंद पडली. पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद. परत येऊन किल्ली हातात ठेवत म्हणाली, "काका, हा क्लच आहे का कुलूप?" मी म्हणालो, जरा पोळ्या लाट, हातात जोर येईल.

मला तेव्हा बरं वाटलं होतं. ते आठवून आता पोह्यांपेक्षा जास्त चटका बसला.

हा जडपणा गाडीबरोबर आलेला नव्हता, मी विकत आणला होता. तीन वर्षांपूर्वी जाम गेटचा घाट चढताना क्लच सुटायला लागला. ज्यांनी तो अनुभव घेतलाय त्यांना ते पोटात येणारं गलबलणं ठाऊक असेल. अ‍ॅक्सिलरेटर पिळावा, इंजिनानं बोंब मारावी आणि गाडी मात्र होती त्याच चालीनं रेंगाळत राहावी. क्लच म्हणजे शेवटी पापडांची चवड. एक खरखरीत प्लेट, एक लोखंडी, पुन्हा खरखरीत, पुन्हा लोखंडी, आणि ती चवड दाबून धरणाऱ्या स्प्रिंगा. माझ्या गाडीत चार. लिव्हर दाबली की आपण त्या चार स्प्रिंगांशी कुस्ती खेळून चवड मिलिमीटर-दीड मिलिमीटर सैल करतो, बस. दाब कमी पडला की चवड घसरते. म्हणजे स्प्रिंगा थकल्या, असं मी ठरवलं. दहा-बारा व्हिडिओ बघितले, ज्यात सगळे पंचविशीतले पैलवान होते, आणि कडक स्प्रिंगांचा संच मागवला. तो बसवताना इंजिनातलं ऑइल बदललं, प्लेटाही बदलल्या. क्लच सुटायचा थांबला. मी घरात जाहीर केलं की स्प्रिंगांनी काम केलं.

एका वेळी तीन गोष्टी बदलायच्या आणि श्रेय एकीला द्यायचं, हा प्रकार आमच्या घरात नवा नाही. आजीचा ताप नेहमी काढ्यानंच उतरायचा. खरी गोष्ट मला दीड-दोन वर्षांनी लक्षात आली. घाटाच्या आधी मी गाडीत जे ऑइल ओतलं होतं, ते कारचं उरलेलं होतं. महाग, पातळ, पेट्रोल वाचवणारं. कारच्या इंजिनात घर्षण कमी करायला त्यात जी द्रव्यं घालतात, ती तिथे पुण्य कमावतात. बाईकचा क्लच मात्र त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो आणि त्याची सगळी रोजीरोटी घर्षणावर. त्यासाठीच बाईकच्या डब्यावर जासो या जपानी मानकाचा एमए किंवा एमए 2 असा शिक्का असतो. मी तो वाचला नव्हता. माझा क्लच थकलेला नव्हता, त्याला मी लोणी चोपडलं होतं. आणि ते लक्षात आल्यावरही मी कडक स्प्रिंगा काढल्या नाहीत. का नाही काढल्या, याचं उत्तर वर दिलंच आहे.

त्या संध्याकाळी माळ्यावरून श्रीखंडाचा जुना डबा काढला. गाडीच्या मूळच्या चार स्प्रिंगा त्यात तेलकट फडक्यात गुंडाळून ठेवलेल्या होत्या. सुटे भाग टाकून न देणं हे मला बाबांकडून आलं, आणि मोजायचा व्हर्नियरही त्यांचाच. त्याच्या जबड्यावर इतकी वर्षं त्यांची बोटं फिरलीत की आकड्यांच्या खाचा बुजत आल्यात. मोकळ्या स्प्रिंगांची लांबी घेतली. चारही गाडीच्या पुस्तकात दिलेल्या मर्यादेच्या आत, त्यातली एक बाकीच्यांपेक्षा 0.2 मिलिमीटरनं आखूड. म्हणजे ठणठणीत. मग तारेची जाडी. जुन्यांची 2.4 मिलिमीटर. कडक संचातली एक जास्तीची स्प्रिंग डब्यात होती, तिची 2.5. नुसत्या डोळ्यांनी दोन्ही सारख्याच. एका दशांशाचा फरक. पण स्प्रिंगेचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातानं वाढतो; वेटोळ्याचा घेर आणि वेढे तेच ठेवले तर त्या एका दशांशानं ताकद जवळजवळ 18 टक्क्यांनी चढते. आणि हे 18 टक्के गाडीला लागतात ते घाटात क्वचित, माझ्या हाताला मात्र प्रत्येक सिग्नलला.

बाबांचा डावा हात मला आठवतो तो हवेत. त्यांची येझ्दी होती, काळी, टाकीवर रबरी पॅड असलेली. त्या गाडीची एक गंमत जुन्या लोकांना सांगायला नको: गिअरचा दांडाच क्लच उचलायचा. पायानं गिअर दाबला की आतल्या आत क्लचही दाबला जायचा, हाताची लिव्हर फक्त गाडी जागेवरून हलवताना लागायची. तोच दांडा आत दाबून वर फिरवला की किकही तीच. त्यामुळे एकदा गाडी धावायला लागली की बाबांचा डावा हात रिकामा. त्या हातानं ते राजवाड्यासमोरून जाताना ओळखीच्यांना सलाम करायचे, माझी टोपी सरळ करायचे, धोतराचा सोगा आवरणाऱ्या कुणा काकांना रस्ता द्यायचे. मी पुढे टाकीवर बसलेला असायचो आणि मला वाटायचं, गाडी चालवणं म्हणजे एका हाताचं काम. पुढे स्वतः गाडी घेतली तेव्हा डाव्या हाताला आयुष्यभर पुरेल एवढं काम आहे हे कळलं.

दिवाळी जवळ आली होती. स्वयंपाकघरात आई सोऱ्या घेऊन बसली होती, मी दारात लिव्हरवरच्या आपल्या दुःखाची कहाणी सांगत होतो. आई 78 वर्षांची, पितळी सोऱ्या तिच्या लग्नातला. मी लहान असताना चकलीच्या पिठाचा सोऱ्या दाबायला मला बोलवायची, आणि मी दात-ओठ खाऊन दाबला की म्हणायची, जोर नको लावूस, थांब. सोऱ्या उघडायची, आतून तेलाचं बोट फिरवायची, चकतीच्या कडेला अडकलेलं वाळकं पीठ काडीनं काढायची, आणि मग दोन बोटांनी चकली पडायला लागायची. आताही माझं ऐकून तिनं मान वर न करता विचारलं, "आत बघितलंस का काही अडकलंय ते? का नुसताच जोर लावतोयस?" मी म्हणालो, अगं स्प्रिंगा कडक आहेत. ती म्हणाली, "असतील. पण बघितलंस का?"

बघितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आईचाच हुकवाला काटा घेतला, रद्दीवाल्यानं फसवू नये म्हणून तिनं आणलेला. हुक लिव्हरच्या टोकाला अडकवला आणि ओढला. चवड सैल होईपर्यंत काटा साडेसहा किलोवर. साडेसहा किलो! दळण आणायला जातो तेव्हा यापेक्षा कमी उचलतो मी. मग केबल इंजिनाकडच्या टोकाला सोडली. आता लिव्हरला स्प्रिंगांचा काही संबंध नाही, ती नुसत्या तारेला ओढतेय. चांगल्या केबलीत लिव्हर फुंकरीनं हलावी. माझी लिव्हर कुरकुरत आत आली. म्हणजे तीन वर्षं मी एकीकडे स्प्रिंगांशी भांडत होतो आणि दुसरीकडे वाटेतल्या वाटमाऱ्यालाही टोल देत होतो. तार बाहेर काढली. लिव्हरकडच्या टोकाच्या गोळीपाशी दोन धागे तुटून मिशांसारखे बाहेर आलेले. आणि मधली तार काळ्या, चिकट लेपानं माखलेली. बोटांवर घेऊन चोळलं तर दंतमंजनासारखं खरखरलं. मालव्याची काळी माती, आणि मी दर महिन्याला प्रेमानं ओतलेलं तेल.

इथे आईचा सोऱ्या कामाला आला नाही, हे तिला मी अजून सांगितलेलं नाही. या केबलीच्या आत नायलॉनचं अस्तर असतं. तार त्या अस्तरावर कोरडीच सरकावी अशी तिची रचना. त्यात जाड तेल ओतलं की ते धूळ धरून ठेवतं, आणि नदीच्या पात्रात पाणी-माती आत गेली की आपण आपल्या हातानं आत पॉलिश पेपर बसवल्यासारखं होतं. जुन्या, बिनअस्तराच्या केबलींना तेल लागायचं. बाबा कागदाचं नरसाळं करून रात्रभर थेंब थेंब सोडत. मी तोच संस्कार चालवत होतो, चुकीच्या देवाला.

नवी केबल साडेतीनशे रुपयांना मिळाली. पण उस्तादनं ती बसवायच्या आधी जुनीच्या वाटेकडे बोट दाखवलं. उस्ताद म्हणजे आमचा मिस्त्री, वयानं माझ्याहून लहान, अधिकारानं मोठा. उभं राहून चालवताना पाठ वाकू नये म्हणून मी मध्यंतरी हँडलखाली इंचभराचे ठोकळे टाकले होते. हँडल वर गेलं, केबल होती तेवढीच. ती ताणली गेली, हेडलाइटच्या मागे काटकोनात वळली, आणि ती हलू नये म्हणून मी तिथे प्लॅस्टिकची पट्टी करकचून आवळली होती. "तार को साँस तो लेने दो, भिया," उस्ताद म्हणाला. केबल किती लांब आहे यापेक्षा ती एकूण किती वळते हे महत्त्वाचं, आणि प्रत्येक वळण जोराची बेरीज नाही करत, गुणाकार करतं. खेड्यात खुंट्याला दोराचे दोन वेढे दिले की शेंबडं पोरही बैल धरून ठेवतं, तेच गणित. फक्त इथे बैलाच्या जागी मी होतो. उस्तादनं पट्टी कापली, केबल टाकीखालून मोठ्या, आळशी वळणानं नेली, हँडल दोन्हीकडे पूर्ण फिरवून बघितलं की कुठे ओढ बसत नाही ना. लिव्हरचा बोल्ट काढला तर तो कोरडा ठक्क. धुऊन ग्रीसचं बोट लावलं. गोळी जिथे लिव्हरमध्ये फिरते तिथेही. मग लिव्हर हँडलवर थोडी खाली फिरवली, उभं राहिल्यावर मनगट सरळ राहील अशी, आणि लिव्हरची सगळी बैठकच अंगठाभर आतल्या बाजूला सरकवली, म्हणजे दोन बोटं लिव्हरच्या बुडाशी न पडता टोकाशी पडावीत. तरफ आहे ती, टोकाशी धरली की हलकी. हे शाळेत शिकवलं होतं. पाटी-पेन्सिलच्या काळात.

काटा लावला. 4.8.

स्प्रिंगांना अजून हातही लावला नव्हता. माझा चेहरा बघून उस्तादला काय वाटलं कोण जाणे, त्यानं मला आणखी एक आमिष दाखवलं. इंजिनावर केबल ज्या छोट्या दांड्याला ओढते, तो दांडा सेंटिमीटरभर वाढवून वेल्ड करून देतो, म्हणाला, लोण्यासारखा होईल. होईल, यात शंका नाही. पण दांडा लांब केला की लिव्हरच्या तेवढ्याच ओढीत चवड कमी उचलली जाते. मग लिव्हर पूर्ण दाबूनही क्लच अर्धवट धरलेला राहतो, सिग्नलला न्यूट्रल सापडत नाही, गाडी हळूच पुढे सरकते आणि पुढच्या रिक्षावाल्याशी ओळख होते. ज्यांच्या क्लचला उचल भरपूर आहे त्यांना परवडतं. मी नको म्हणालो. फुकट हलकं काही होत नाही, कुठून तरी ते कापूनच आणावं लागतं.

राहिल्या स्प्रिंगा. यांच्यावर मी दोन दिवस घालवले, आणि तांत्रिक अडचण कसलीच नव्हती. मधला मार्गही होता: समोरासमोरच्या दोन कडक, दोन मूळच्या. शेजारशेजारच्या ठेवल्या तर चवड दाबणारी प्रेशर प्लेट वाकडी उचलली जाते, पण समोरासमोर चालतं, अनेक जण करतात. मला तो मोह झाला. घाटात क्लच पुन्हा सुटला तर, अशी भीती होती म्हणावं, तर ऑइलचं गुपित आता मला माहीत होतं. खरं कारण असं की त्या लिव्हरवर दुसऱ्या कुणाचा हात चालत नाही, ही गोष्ट मला सोडवत नव्हती. पन्नाशीनंतर माणसाकडे अशा गोष्टी कमी उरतात. केस नाहीत, चष्मा आहे, जिन्यावर गुडघा बोलतो. एक लिव्हर होती.

शेवटी रविवारी दुपारी, घरातले झोपल्यावर, गॅरेजमध्ये जुनी गादी भिंतीला टेकवून गाडी डाव्या अंगावर कलती केली. क्लच उजवीकडे असतो, गाडी डावीकडे कलली की ऑइल पलीकडे जमतं, काढावं लागत नाही. झाकणाचे बोल्ट ज्या क्रमानं निघाले त्या क्रमानं पुठ्ठ्यावर भोकं पाडून खोचले. आत तो वास, जळक्या मेथीसारखा थोडा, ऑइलचा. स्प्रिंगांचे बोल्ट समोरासमोर, अर्धा-अर्धा फेरा करत सैल केले. हा घाईचा विषय नाही; एकच आधी काढला तर बाकीच्यांचा दाब वाकडा पडतो आणि ज्या अ‍ॅल्युमिनियमच्या खांबात तो बसतो तो खांब तुटतो. प्लेटा बाहेर काढून एकेक उजेडात बघितल्या. लोखंडी प्लेटांवर कुठेही निळी झाक नाही, म्हणजे तापल्या नव्हत्या. चिकटलेल्या दोन सोडवल्या, ऑइलमध्ये बुडवून परत लावल्या. मूळच्या चारही स्प्रिंगा बसवल्या. घट्ट करतानाही तसंच, समोरासमोर, थोडं थोडं, आणि शेवटी टॉर्क पान्यावर 10 न्यूटन-मीटर. सहाच्या बोल्टाला तेवढं पुष्कळ होतं. तिथे मर्दुमकी दाखवली की मिस्त्रीचं घर भरतं.

4.1. काटा मी तीनदा लावला. साडेसहातून 2.4 किलो गेले, त्यातले 1.7 केबलीचे आणि फक्त 0.7 स्प्रिंगांचे. तीन वर्षं ज्यांचा तोरा मिरवला त्यांचा वाटा एवढाच.

पुढच्या शनिवारी एकटाच जाम गेटला गेलो. चढाला वरच्या गिअरमध्ये, कमी वेगात, एकदम अ‍ॅक्सिलरेटर उघडला. क्लच सुटत असेल तर तिथे लपत नाही. आवाज आणि वेग एकमेकांचा हात धरून वर गेले. दोनदा, तीनदा. गेटपाशी थांबलो. खाली निमाडचा उतार धुक्यात, वर अहिल्याबाईंची कमान. मोटरसायकलवाल्या पोरांचा एक घोळका फोटो काढत होता. त्यातला एक जण माझ्या गाडीकडे आला, काका, मस्त आहे म्हणाला, आणि न विचारता लिव्हर दाबून बघितली. भुवया वर गेल्या नाहीत. त्यानं लिव्हर सोडली आणि टायरबद्दल विचारलं. मी टायरबद्दल सांगितलं.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी पुतणीनं पुन्हा किल्ली मागितली, तोंड वाकडं करूनच. गल्लीतून गेली, वळणावर दिसेनाशी झाली, आणि पंधरा मिनिटं आलीच नाही. आई दोनदा गॅलरीत येऊन गेली. परत आली तेव्हा हेल्मेट न काढताच म्हणाली, "काका, काय केलंत हिला? दोन बोटांत येते." मी म्हणालो, काही नाही, केबल बदलली. स्प्रिंगांचा विषय काढला नाही. मग तिनं विचारलं, कालाकुंडला कधी जायचं.

गेलो मागच्या आठवड्यात. चोरलपासून पुढे ती चालवत होती, मी मागे. पळसाच्या पानावरचं कलाकंद खायचं ठरलं होतं. नदी ओलांडताना गोट्यांवर तिनं क्लच अर्धा धरून गाडी अगदी माणसाच्या चालीनं काढली, दोनच बोटांनी, मी कधी काढली नसेल इतकी सावकाश. मी उजव्या हातानं मागची सळई धरली होती. डाव्या हाताला काहीच काम नव्हतं. थोडा वेळ तो मांडीवर ठेवला, मग तिच्या खांद्यावर, मग पुन्हा मांडीवर. पलीकडच्या काठावर म्हशी घेऊन एक म्हातारा उभा होता, त्यानं आमच्याकडे बघून हात वर केला, आणि मीही केला.